नर हत्तीचे घर

महाराष्ट्रातील प्राणिसंग्रहालयांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाहिलेला हत्ती हा बहुतेक वेळा हत्तीण असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुंबईच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, दीर्घकाळ राहिलेल्या लक्ष्मी आणि अनारकली या दोघी माद्या होत्या. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून विशाखापट्टणमला हलविण्यात आलेल्या सरस्वती आणि लक्ष्मी याही माद्याच होत्या. ही निवड योगायोगाने झालेली नाही. पूर्ण वाढ झालेला नर वर्षातील काही आठवडे, कधी काही महिने, कोणाचेही ऐकत नाही, आपल्या माहुताचेसुद्धा नाही, आणि त्या काळात त्याला सुरक्षित ठेवता येईल असे घर बांधण्याची ऐपत, जागा किंवा इच्छा फार थोड्या संस्थांकडे असते. नराला टाळले तरी प्रश्न सुटत नाही, कारण हत्तींच्या पैदाशीत नर पिल्ले जन्माला येतच राहतात आणि देवस्थानांना, संस्थानांना व वनखात्याच्या तळांना सुळेवाल्या नराचे आकर्षण पूर्वीपासून आहे. नराला ठेवायचे असेल तर कसे ठेवावे, आणि कोठे मुळीच ठेवू नये, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आशियाई नर हत्ती खांद्यापाशी साधारण पावणेतीन ते तीन मीटर उंच भरतो आणि त्याचे वजन चार ते पाच टनांपर्यंत जाते. मोठे सुळे फक्त नरांना येतात, पण सगळ्याच नरांना येत नाहीत. सुळे नसलेल्या नराला मखना म्हणतात, आणि सुळे नाहीत म्हणून तो कमी धोकादायक असतो असा समज करून घेणे चुकीचे आहे, कारण त्याची सोंड, कपाळ आणि वजन माणसाचा जीव घेण्यास पुरेसे असते. रानात नर पिल्लू आई, मावश्या आणि बहिणींच्या कळपात वाढते आणि साधारण दहा ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान कळपातून बाहेर पडते. त्यानंतर ते कधी एकटे, तर कधी वयाने मोठ्या नरांच्या मागे मागे हिंडते. म्हणजे नराच्या आयुष्याचे दोन स्पष्ट भाग पडतात, आणि माद्यांसाठी आखलेले आवार त्यातील फक्त पहिल्या भागाला पुरते.

नर कोणाचेही ऐकत नाही तो काळ म्हणजे मद किंवा माज. हत्तीचा डोळा आणि कान यांच्या मधोमध कातडीखाली एक ग्रंथी असते. नर माजावर आला की ही गंडग्रंथी फुगते, तिच्यातून काळसर, उग्र वासाचा स्राव गालावरून ओघळू लागतो, मूत्र सतत थेंबथेंब गळत राहते आणि मागच्या पायांची आतली कातडी ओली राहते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन या पुरुष संप्रेरकाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. काही नरांत ते पन्नास-साठ पटींपर्यंत गेल्याचे आढळले आहे. भूक कमी होते, वजन उतरते, आणि एरवी शांत असणारे जनावर हालचाल दिसेल तिकडे धाव घेते. भारतीय हस्तिशास्त्राने या अवस्थेचे वर्णन फार पूर्वी केले होते. आफ्रिकी हत्तींतही ती असते हे मात्र जॉइस पूल आणि सिंथिया मॉस या संशोधिकांनी केनियातील अंबोसेली येथील निरीक्षणांवरून 1981 साली दाखवून दिले, तोपर्यंत पाश्चात्त्य प्राणिशास्त्राला त्याविषयी शंका होती. मद हा आजार नव्हे, की वेडही नव्हे. निरोगी, पोसलेल्या नराचेच ते लक्षण असते, आणि खाणे कमी पडले की मदाचा काळ आखडतो, हे माहुतांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होते. बंदिवासातील नराला भरपूर खाणे आयते मिळते म्हणून तो रानातल्या नरापेक्षा कमी वयात माजावर येऊ शकतो, ही गोष्ट प्राणिसंग्रहालयाचे नियोजन करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सोलापूरच्या वाचकाला भारतीय हस्तिविद्येचा एक जुना साक्षीदार फार दूर शोधावा लागत नाही. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गापासून जवळच बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण आहे, आणि ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. बाराव्या शतकात सोलापूरचा मुलूख याच सत्तेखाली होता. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ 1130 च्या सुमारास रचला गेला, आणि त्यात हत्ती पकडण्याच्या पद्धती, त्यांच्या मदाच्या अवस्था आणि मद चढविण्याचे उपाय यांबरोबरच राजाच्या करमणुकीसाठी मैदानात मत्त हत्तीपुढे माणसे धावविण्याच्या खेळाचेही वर्णन आहे. त्याहून कितीतरी जुन्या अर्थशास्त्रात हस्त्यध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना कौटिल्याने हत्तीशाळेचे माप दिले आहे: शाळेची उंची, रुंदी आणि लांबी हत्तीच्या लांबीच्या दुप्पट असावी, माद्यांसाठी जास्तीची जागा असावी, प्रत्येक हत्तीची खोली त्याच्या लांबीएवढी चौरस असावी, आणि जमीन फळ्यांची व मलमूत्र वाहून जाईल अशी असावी. दिवसाचे आठ भाग पाडून त्यातील पहिला आणि सातवा भाग अंघोळीसाठी राखावा, असेही तो सांगतो. घराचे माप जनावराच्या शरीरावरून ठरवावे ही कल्पना आजच्या कोणत्याही नियमावलीच्या तोडीची आहे, आणि ती पुढे आपल्याच लोकांच्या व्यवहारातून निसटली याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

मराठी संस्थानांनी या परंपरेतला खेळाचा भाग जिवंत ठेवला. बडोद्याला गायकवाडांच्या आखाड्यात हत्तींच्या झुंजी होत आणि 1875 साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या इंग्लंडच्या युवराजालाही त्या दाखविण्यात आल्या. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या काळात साठमारीचे मैदान उभे राहिले आणि शहरातील त्या भागाला आजही साठमारी असेच नाव आहे. साठमारी म्हणजे मत्त हत्तीला डिवचून त्याच्यापुढून निसटण्याचा जिवावरचा खेळ, आणि हा खेळ खेळणारा तो साठमार. आज हा खेळ निखालस क्रूर ठरेल, तो तसा होताही. तरीही त्या मैदानाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. दगडी भिंतीत आणि मैदानातील बुरुजांत अशा अरुंद वाटा ठेवलेल्या असत की पळणारा माणूस त्यांतून आत शिरावा आणि मागून आलेल्या हत्तीचे डोके बाहेरच अडावे. खवळलेल्या नरापुढे माणसाला वाचविणारी वस्तू अंकुश किंवा साखळी नसून योग्य रुंदीची फट आहे, हे ज्या गवंड्यांनी ओळखले त्यांना नर हत्तीच्या घराचे मर्म कळले होते. नर हत्तींसाठी बांधलेल्या आधुनिक इमारती याच तत्त्वावर उभ्या आहेत. दुर्दैवाने हे शहाणपण खेळाच्या मैदानापुरते राहिले, आणि रोजच्या राहणीत साखळदंडच चालू राहिला.

साखळदंडाची पद्धत अशी असते. नराच्या गालावर ओल दिसू लागली की त्याला एखाद्या झाडाला किंवा खांबाला पुढच्या व मागच्या पायांनी जखडतात, खाणे कमी करतात, आणि स्राव थांबेपर्यंत तो त्याच जागी, स्वतःच्याच लिदीत व मूत्रात उभा राहतो. दोन-तीन महिने असे गेले की साखळी घासून पायाला जखमा होतात, नखे कुजतात आणि जमिनीवर आडवे होता न आल्याने सांधे धरतात. मद ओसरल्यावर हत्तीने पुन्हा माहुताला मानावे म्हणून बांधलेल्या स्थितीतच त्याला मारहाण करण्याची रीत केरळात काही ठिकाणी आहे. केरळ सरकारने 2003 साली केलेल्या नियमांनी प्रौढ हत्तीसाठी किमान नऊ मीटर लांब व सहा मीटर रुंद निवारा ठरवून दिला, पण एवढ्याशा चौकोनात मत्त नराचे तीन महिने काढणे म्हणजे काय, याची कल्पना मापपट्टी घेऊन घराच्या अंगणात नऊ बाय सहा मीटर आखल्यावर कोणालाही येईल.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे आला तो कोल्हापूर जिल्ह्यात. वाडी रत्नागिरी येथील जोतिबा देवस्थानाला 2007 साली सुंदर नावाचा कोवळ्या वयाचा नर हत्ती अर्पण करण्यात आला. पुढे त्याला वारणानगर परिसरातील एका शेडमध्ये आखूड साखळ्यांनी बांधून ठेवल्याचे आणि मारहाण होत असल्याचे प्राणिमित्र संघटनांनी उघडकीस आणले, प्रकरण न्यायालयात गेले, 2014 च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला बंगळूरजवळील बन्नेरघट्टा जैविक उद्यानात हलविण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही, आणि जून महिन्यात तो तेथे पोहोचला. तेव्हा त्याचे वय चौदाच्या आसपास होते, म्हणजे रानात असता तर तो नेमका याच सुमारास आईचा कळप सोडून मोठ्या नरांच्या संगतीला लागला असता. या प्रकरणात बहुतेक चर्चा क्रौर्याची झाली आणि ती व्हायलाच हवी होती, पण एक प्रश्न मागे पडला: अर्पण करताना पिल्लू असलेला हा नर पंधरा-वीस वर्षांनी पाच टनांचा होईल, माजावर येईल, आणि तेव्हा तो राहील कोठे, याचा विचार अर्पण करताना झालेला नव्हता. जोतिबाच्या डोंगरावर भक्तीची कमतरता कधीच नव्हती. नर हत्तीसाठी लागणारे घर मात्र तेथे नव्हते.

हीच चूक युरोपने दोनशे वर्षांपूर्वी केली होती. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील एक्झेटर चेंज या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पिंजऱ्यात ठेवलेला चुनी नावाचा आशियाई नर दरवर्षी ठरावीक काळात बेफाम होई; 1826 च्या मार्चमध्ये तो पिंजरा फोडील या भीतीने सैनिक बोलावून त्याला गोळ्या घालण्यात आल्या, आणि तो मरायला इतका वेळ लागला की त्या वर्णनांनी इंग्लंडमधील वाचक हादरले. लंडन प्राणिसंग्रहालयातील सुप्रसिद्ध जंबो हा आफ्रिकी नर मुलांना पाठीवर घेऊन फिरे, पण तो प्रौढ होऊ लागल्यावर रात्री निवाऱ्याच्या भिंतींवर धडका देऊ लागला, आणि त्याच्या संभाव्य उन्मादाच्या धास्तीने 1882 साली त्याला अमेरिकेतील बार्नम या सर्कसवाल्याला विकण्यात आले. नर वाढला की त्याला मारायचे किंवा विकायचे, हा पायंडा पुढे कित्येक दशके टिकला. त्याचा परिणाम पैदाशीवर झाला: अमेरिकेतील पोर्टलंड येथे 14 एप्रिल 1962 रोजी थाँगलॉ या नराचे पॅकी नावाचे पिल्लू जन्मले, तेव्हा पश्चिम गोलार्धात 44 वर्षांनी हत्तीचा जन्म झाला होता. मधल्या काळात माद्या होत्याच. नर सांभाळण्याची तयारी नव्हती.

आजचा चांगला नर-निवारा पाहिला तर प्रथम डोळ्यांत भरतात ते उभे खांब. काँक्रीट भरलेले जाड पोलादी नळ जमिनीत खोलवर रोवून रांगेने उभे केलेले असतात, आणि दोन खांबांतील अंतर असे राखलेले असते की रक्षक आडवा होऊन सहज निसटावा, पण हत्तीचे डोके आत येऊ नये. साठमारीच्या बुरुजातील फट येथे भिंतभर झालेली असते. दारे उघडझाप करणारी नसून बाजूला सरकणारी असतात, ती दुरून यंत्राने चालतात, आणि वीज गेली तरी हाताने फिरविता यावीत अशी दुसरी सोय ठेवावीच लागते; सोलापूरसारख्या शहरात उन्हाळ्यात विजेचा लपंडाव चालतो हे लक्षात घेतले तर ही दुसरी सोय पहिलीपेक्षा महत्त्वाची ठरते. एकाच दाराची खोली नराला कधीही देऊ नये, कारण दोन हत्ती एकत्र आल्यावर दबलेल्याला पळायला दुसरी वाट लागते, आणि ती नसली की साधी ढकलाढकली जीवघेणी होते. आवारातही हाच नियम लागू होतो: कोपरे काटकोनी नसावेत, मध्ये मोठे दगड, मातीचे उंचवटे किंवा झाडांचा आडोसा असावा, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या नजरेआड जाता येते. सोंड किती उंच आणि किती लांब पोहोचते यावरून पाण्याचे नळ, दिवे, झाडे आणि प्रेक्षकांची जागा ठरवावी लागते. मागच्या पायांवर भार देऊन उभा राहिलेला मोठा नर सुमारे सहा मीटरपर्यंत पोहोचू शकतो.

जमीन हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बंदिवासातील हत्तींना वेदनारहित मरण देण्याची वेळ येते ती बहुतेकदा पायांच्या विकारांमुळे आणि सांधेदुखीमुळे, आणि या दोहोंचे मूळ टणक, ओल्या, थंड फरशीत असते. निवाऱ्यात मीटर-दीड मीटर खोल वाळू भरली की पाणी खाली झिरपते, तळव्यांना चढउतार मिळतो, आणि हत्ती वाळूचा ढीग करून त्याला टेकून आडवा झोपतो. आडवे होऊन झोपणे हे त्याच्या स्वास्थ्याचे एक भरवशाचे लक्षण मानले जाते, आणि नराच्या बाबतीत ते आणखी महत्त्वाचे आहे, कारण चार-पाच टनांचा भार त्याच सांध्यांना रात्रंदिवस पेलावा लागतो. खाणे एकाच जागी ओतण्याऐवजी जाळ्यांत भरून उंचावर टांगतात, भिंतीच्या छिद्रांत लपवितात, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणी टाकतात, म्हणजे रानात दिवसाचे सोळा-अठरा तास चरण्यात घालविणाऱ्या जनावराला काहीतरी काम उरते. उसाचे वाढे आणि कडबा एकदाच टाकून मोकळे झालेल्या हत्तीखान्यात नर तासन्‌तास जागच्या जागी डुलत राहतो, आणि त्या डुलण्याला प्रेक्षक नाच समजून टाळ्या वाजवितात, पण ते मनाच्या कोंडमाऱ्याचे लक्षण असते.

घर कितीही भक्कम असले तरी आत रोज जाऊन नखे तासणारा, औषध लावणारा माणूस लागतोच, आणि येथेच गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मोठा बदल झाला. पूर्वी रक्षक अंकुश घेऊन हत्तीच्या शेजारी उभा राही आणि आपण कळपातील वरचढ हत्ती आहोत असे त्याला मारून-धमकावून पटवून देई. वर्षातून काही महिने नर हे मान्य करीत नसे, आणि जगभरच्या रक्षकांच्या मृत्यूंचे कारण बऱ्याचदा हेच होते. 1990 च्या दशकापासून अमेरिकेत आणि नंतर युरोपात आडपडद्यातून हाताळणी करण्याची पद्धत रुजली: हत्ती आणि माणूस यांच्यामध्ये नेहमी खांबांचा अडसर असतो, आणि हत्तीने केलेल्या प्रत्येक योग्य हालचालीबद्दल त्याला लगेच खाऊ मिळतो. प्रत्यक्षात हे असे चालते. रक्षक खांबांबाहेर उभा राहतो आणि टोकाला गोळा बसविलेली लांब काठी फटीतून आत धरतो. हत्तीला शिकविलेले असते की त्या गोळ्याला कपाळ, कान किंवा पाय टेकविला की शिट्टी वाजते आणि उसाचे कांडे मिळते. गोळा खाली एका खिडकीपाशी नेला की हत्ती पुढचा पाय उचलून खिडकीतील लोखंडी टेकूवर तळवा वर करून ठेवतो, रक्षक वाकड्या सुरीने मेलेली कातडी खरवडतो, कानशीने नखांच्या कडा घासतो, तळव्याच्या भेगेतला खडा काढतो, आणि या सगळ्या वेळात दुसरा रक्षक एकेक कांडे सोंडेत देत राहतो. हत्तीला कंटाळा आला तर तो पाय काढून निघून जातो, आणि त्याला जाऊ देणे हाच या पद्धतीचा पाया असतो, कारण जाण्याची मोकळीक असलेला नर पुन्हा आपणहून येतो. कानामागच्या शिरेतून रक्त घेणे, डोळ्यात औषध घालणे, क्षयासाठी सोंडेतून धुवण काढून तपासणे ही कामे अशीच होतात. मदाच्या दिवसांत नर खिडकीशी येईनासा झाला तर त्याला तसेच राहू द्यायचे, खाणे-पाणी दुरून द्यायचे, आणि साफसफाईसाठी त्याला शेजारच्या खोलीत सरकविल्यावर मधले दार बंद करून मगच आत जायचे. दोन खोल्या आणि दोन आवारे नसतील तर हे जमत नाही, म्हणून नराला लागणारी जागा एका हत्तीच्या दुप्पट धरावी लागते.

औषधांनी किंवा शस्त्रक्रियेने मद टाळता येईल, असे पुष्कळांना वाटते. नर हत्तीची वृषणे बैलासारखी बाहेर नसून पोटात मूत्रपिंडांजवळ असतात, त्यामुळे खच्चीकरण म्हणजे मोठी आणि धोक्याची शस्त्रक्रिया ठरते. संप्रेरकांना रोखणाऱ्या लसीने मद लांबविता येतो आणि काही ठिकाणी ती वापरली जाते, पण तिने घराची उणीव भरून निघत नाही. अपुऱ्या घरात ठेवलेल्या नराला वर्षानुवर्षे लस टोचत राहणे म्हणजे आजाराऐवजी रोग्याच्या स्वभावावर इलाज करण्यासारखे आहे.

आणि घराहूनही मोठी गरज संगतीची आहे. नर एकलकोंडा असतो ही समजूत अर्धवट आहे. कळपातून बाहेर पडलेला तरुण नर वयस्कर नरांकडून शिकतो आणि त्यांच्या धाकात राहतो. दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग येथे अनाथ पिल्ले आणून सोडण्यात आली होती. ती वाढल्यावर त्यांतील तरुण नर फार लवकर माजावर येऊ लागले आणि 1992 ते 1997 या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. 1998 मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून सहा प्रौढ नर आणून सोडल्यावर तरुणांचा मद आखडला आणि गेंड्यांच्या हत्या थांबल्या. याच्या उलट टोकाला एकट्या नरांच्या कहाण्या आहेत. श्रीलंकेने 1985 साली पाकिस्तानला भेट दिलेला कावन हा नर 2012 मध्ये त्याची जोडीदारीण मेल्यावर इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयात एकटा उरला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर 2020 च्या नोव्हेंबरमध्ये विमानाने कंबोडियातील अभयारण्यात गेला. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातील शंकर हा आफ्रिकी नर झिंबाब्वेहून 1998 मध्ये आला, 2001 मध्ये त्याची सोबतीण मेली, आणि त्यानंतर त्याने सुमारे दोन तपे दुसऱ्या आफ्रिकी हत्तीचा सहवास न मिळता काढला. त्याच्या साखळ्यांवरून जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेने 2024 मध्ये दिल्लीचे सदस्यत्व निलंबित केले, आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये तो मेला. राजनैतिक भेट म्हणून हत्तीचे नर-मादी जोडपे देण्याची प्रथा दिसायला गोड असली तरी जोडपे हा हत्तींच्या समाजाचा घटकच नाही, आणि एक मेला की दुसरा एकांतवासात पडतो, हे या दोन उदाहरणांनंतर तरी मान्य व्हायला हवे. जर्मनीतील हायडेलबर्ग प्राणिसंग्रहालयाने 2010 पासून कळपातून बाहेर पडण्याच्या वयाचे तरुण नर एकत्र ठेवण्याची सोय केली आहे; तेथे ते एकमेकांशी झोंबतात, कोण वरचढ हे ठरवितात, आणि पैदाशीच्या वयाचे झाल्यावर दुसरीकडे जातात.

भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 च्या नोव्हेंबरमध्ये प्राणिसंग्रहालयांत व सर्कशींत हत्ती ठेवण्यास मनाई करणारा आदेश काढला. त्या वेळी त्यांच्याकडे मिळून सुमारे 140 हत्ती होते, आणि त्यांना वनखात्याच्या तळांवर किंवा पुनर्वसन केंद्रांत हलवावे असे ठरले. काही मोठ्या संस्थांत हत्ती त्यानंतरही राहिले, पण महापालिकांच्या लहान प्राणिसंग्रहालयांच्या बाबतीत हा आदेश निर्विवाद योग्य होता. सोलापूर महापालिकेचे महात्मा गांधी प्राणिसंग्रहालय डोळ्यांपुढे ठेवून साधा हिशेब मांडला तरी हे पटते. एका प्रौढ नराला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा धरला तर महिन्याला साडेचार टन होतात. पिण्याचे पाणी रोज शंभर ते दोनशे लिटर, अंघोळ, डबके आणि सफाई यांचे पाणी वेगळे. ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्यात वाढ्यांचा तुटवडा पडणार नाही, पण नुसत्या उसावर पोसलेला हत्ती स्थूल होतो आणि त्याचे पाय बिघडतात, त्यामुळे वड, पिंपळ, बांबू, गवत असा मिश्र पाला रोज तोडून आणावा लागेल. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आणि नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात हे सारे एका जनावरासाठी करायचे, शिवाय त्याला संगत म्हणून आणखी हत्ती आणायचे, म्हणजे हिशेब तिप्पट-चौपट होतो. सोलापूरच्या मुलांना हत्ती पाहायला मिळू नये असे कोणीच म्हणणार नाही, परंतु त्यांना साखळीत डुलणारा नर दाखविण्यापेक्षा हत्ती न दाखविणे हे अधिक जबाबदारीचे आहे.

महाराष्ट्रातच दुसरी वाटही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात कमलापूर येथे वनखात्याचा हत्ती तळ आहे. पूर्वी लाकूड ओढण्यासाठी वापरले जाणारे हत्ती आणि त्यांची पिल्ले, नर-माद्या मिळून, तेथे राहतात. रात्री त्यांना जंगलात चरायला सोडतात आणि सकाळी माहूत व चाराकटर मागावर जाऊन त्यांना परत आणतात. दरवर्षी जानेवारीत काही दिवस कामाला पूर्ण सुटी देऊन वनौषधींचा लेप पायांना चोपडतात, त्याला तेथे चोपिंग म्हणतात. येथे नराला भिंती लागत नाहीत, कारण जंगलच त्याला अंतर देते. तरीही तळ म्हणजे सुरक्षितता असे समीकरण मांडता येत नाही: ताडोबाच्या बोटेझरी तळावरील गजराज या नराने 2021 च्या मे महिन्यात बेफाम होऊन वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याचा जीव घेतला. तळावरील नरासाठीसुद्धा खांबांचे एक आवार, मदाच्या काळात तेथे कोण जाईल आणि कोण नाही याचा लेखी नियम, आणि माहुताखेरीज इतरांना ठरावीक अंतराबाहेर ठेवण्याची शिस्त लागते. माहूत आणि चाराकटर यांचा विमा, पगार आणि प्रशिक्षण हा या शिस्तीचाच भाग आहे, कारण धोका सर्वांत आधी त्यांच्याच अंगावर येतो.

वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पाळीव हत्तींच्या हस्तांतराला पुन्हा वाट मिळाली आहे, आणि 2024 च्या नियमांनुसार हत्ती एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना पशुवैद्यकाचा दाखला आणि हत्तीची जनुकीय नोंद लागते. हस्तांतर होणारा हत्ती नर असेल तर परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने याखेरीज काही गोष्टी जागेवर जाऊन पाहायला हव्यात: मदाच्या काळात त्याला न बांधता ठेवता येईल अशा दोन खोल्या आणि दोन आवारे आहेत का, खांबांच्या फटीतून माणूस निसटतो का, दार विजेशिवाय सरकते का, वाळू किती खोल आहे, दुसरे हत्ती कोणते आणि कोणत्या वयाचे आहेत, आणि हत्तीचे वय पंधराच्या आत असेल तर पुढच्या दहा वर्षांत बांधावयाच्या इमारतीसाठी पैसा कोणत्या खात्यात ठेवला आहे.